शेवटचा घाणा

काका, तू गेल्यावर भेटायला येणाऱ्यांसाठी तुझ्या बिल्डिंगच्या खाली, आपण नेम मारायचो तिथंच, खुर्च्या मांडल्या. दुसरी मोकळी जागाच नव्हती. जमिनीवर तू मारलेली पिवळी रेघ खुर्च्यांच्या पायांखाली गेली. त्या रेघेच्या पुढं कुणी गेलेलं तुला चालायचं नाही, पिस्तूल पेटीत बंद असलं तरी चालायचं नाही. एकदा एक मांजर तिथं अंग चाटत बसली होती, ती उठून जाईपर्यंत तू मला हात खाली करून उभं ठेवलं होतंस. आता रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. टार्गेटकडे पाठ करून चहा पीत होती. खांबाला बसवलेल्या वाईसला, पिस्तूल आवळून धरायच्या त्या लोखंडी जबड्याला, नात्यातल्या कुणीतरी आपली पिशवी अडकवली होती. मी त्या पिशवीकडे बराच वेळ बघत होते. काढून खाली ठेवावी असं वाटत होतं. पण काढली असती तर कुणीतरी विचारलं असतं की का काढलीस, आणि मग मला बोलावं लागलं असतं.

बोलावं लागू नये म्हणूनच तर तू मला या खेळात आणलंस. मी नववीत होते. शाळेत मॅडमनी आईला बोलावून सांगितलं होतं की ही वर्गात तोंडच उघडत नाही. आईला वाटलं इंग्रजीची भीती असेल. पण मी घरी मराठीतही गप्पच असायचे. आई ओवे गावी तुझ्याकडे येऊन हे सगळं सांगत होती आणि मी शेजारी बसून काकीचे तांदूळ निवडत होते. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "बोलत नाय तर नको बोलू दे. बोलायला लागत नाय असा खेळ देऊ हिला." पुढच्या रविवारी मला स्कूटरवर बसवून पनवेलच्या क्लबात घेऊन गेलास.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणी त्यांच्या काकांना अहो-जाहो करायच्या. मी तुला पहिल्यापासून तूच म्हणत आले. मला वाटतं त्यामुळेच तुझ्याशी भांडता आलं. बाकी कुणाशी मी भांडत नाही. ऑफिसात माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं तरी मी गप्प बसते. तुझ्याशी मात्र एका छर्ऱ्यावरून मी अख्खी सकाळ वाद घातला आहे, आणि जेवायला बसल्यावर पुन्हा सुरू केला आहे.

हे वाचणाऱ्यांना छर्रा म्हणजे काय ते सांगायला हवं. एअर पिस्तुलात बारूद नसते, हवेच्या दाबावर शिशाचा एक छोटा तुकडा दहा मीटरवरच्या कार्डावर जातो. तो तुकडा म्हणजे छर्रा. डोकं चपटं, कमरेत बारीक, मागं पोकळ घेर. परदेशातून डब्या येतात, आणि प्रत्येक पिस्तुलाला त्यातला ठरावीकच माल मानवतो. माझ्या पिस्तुलाला मानवलेला माल एका वर्षी बाजारातून संपला. नव्या डब्यांतला एकही धड बसेना. मी रडकुंडीला आले होते. तू म्हणालास, आपण घरी ओतू.

मला वाटलं तू माझी समजूत काढतो आहेस. पण पुढच्या आठवड्यात करंज्याहून नाखवा आला. पोर्टवर तुझ्याबरोबर कामाला असलेला तुझा दोस्त, आता घरची होडी सांभाळतो. त्यानं जुन्या जाळ्यांची झिजलेली शिशाची वजनं गोणीत भरून आणली होती. तळोज्याच्या एका लेथवाल्यानं पितळेचा साचा करून दिला. गच्चीवर शेगडी मांडलीस, नाकातोंडाला मास्क, हातात लोखंडी पळी. काकीनं त्या दिवसापासून ती पळी घरात घेतली नाही. साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय तुला आणि मला पाणीसुद्धा दिलं नाही. आणि एकदा ओतलेल्या मालाला ती घाणा म्हणायची, वड्यांचा काढतात तसा. "झाला का पहिला घाणा? खाऊन बघा आधी तुमीच." तिनं थट्टेत ठेवलेलं नाव आपण दोघांनीही उचललं.

पहिले घाणे वाईटच होते. साचा नीट तापलेला नसला की शिसं आत शिरता शिरता गोठतं आणि छर्ऱ्याला सुरकुत्या पडतात. वरून दिसल्या नाहीत तरी आतून पोकळी राहते. तू सोनाराकडचा छोटा काटा आणलास, एकेक तोलायचास, हलका निघाला की पळीत परत. तू पोर्टवर क्रेन चालवायचास. उंच केबिनमध्ये बसून खाली ट्रेलरवर कंटेनर टेकवायचा तो असा की ड्रायव्हरला धक्का कळू नये. ट्रेलर रांगेत उभे असले, खालून हॉर्न वाजत असले, तरी तू घाई करायचा नाहीस, हे नाखव्यानं मला किती वेळा सांगितलं असेल. तेच गच्चीवर. साचा तापेपर्यंत तू शेगडीशी बसून राहायचास आणि मला ऊन लागतं म्हणून खाली पाठवायचास.

पण मी सांगणार होते ते तपासण्याबद्दल. कारण आपली खरी भांडणं तिथं झाली.

मी म्हणायचे पिस्तूल वाईसमध्ये आवळू आणि दोन्ही प्रकारचे छर्रे मारू. डबीतले आणि आपले. हात मध्ये आला की हाताची चूक छर्ऱ्याच्या नावावर जाते. तुझं म्हणणं उलटं. "मॅचला काय वाईस जाणार हाय?" वाईसला घाम येत नाही, वाईसचं काळीज धडधडत नाही, त्याला काय कळणार कुठला छर्रा भरवशाचा. मग तू तुझी पद्धत काढलीस. दोन वाट्या, एकीत डबीतले, एकीत आपले. पिस्तूल तू भरायचंस. मी टार्गेटकडे तोंड करून उभं राहायचं, मागं बघायचं नाही. भरून झालं की तू पिस्तूल नळी पुढं करून टेबलावर ठेवायचास, मी उचलून मारायचं. एक कार्ड एका वाटीचं, दुसरं दुसरीचं, आणि कुठल्या वाटीत काय ते फक्त तुला ठाऊक. शेवटी दोन्ही कार्डं समोर धरून मी एवढंच सांगायचं, पहिलं बरं की दुसरं. मग तू वाट्या दाखवायचास.

बहुतेक वेळा डबीतलेच बरे निघायचे. आणि मग तू सुरू व्हायचास. सकाळी चहा घेतलास का. झोप झाली का. आईशी काय बोलणं झालं का. दुसरं कार्ड मारताना कोपऱ्यावर रिक्षावाला हॉर्न देत होता. मी म्हणायचे रिक्षावाला दोन्ही कार्डांच्या वेळी होता. तू म्हणायचास दुसऱ्या वेळी जास्त होता. मी तुझी एकही हरकत कधी मान्य केली नाही. तुलाही ते आवडायचं असं मला वाटतं, कारण भांडून झाल्यावर तू तो अख्खा घाणा पळीत टाकायचास आणि म्हणायचास, चला, परत.

एकदा काकी वैतागून म्हणाली, सांग ना गो त्यांना एकदा, चांगले हायत म्हणून, गच्ची तरी मोकळी होईल. तू हसला नाहीस. वाटी खाली ठेवलीस आणि मला म्हणालास, "लाडानं बसलेला छर्रा मॅचला बसत नाय. मला खोटं सांगायचं नाय, बाय. कधीच नाय." तुला एकदा तरी मॅचमध्ये आपल्या घरचा छर्रा मारलेला बघायचा होता. पण तो डबीतल्याच्या बरोबरीचा ठरल्यावरच. त्याआधी मी मागितले असते तरी तू दिले नसतेस.

एका हिवाळ्याची गोष्ट तर काकी आल्यागेल्याला सांगायची. पावसाळ्यात इथल्या दमट हवेनं शिशावर पांढरी पूड धरते, म्हणून तू ओतलेल्या छर्ऱ्यांना खोबरेल तेलाचा हात लावून ठेवायचास. उन्हाळ्यात छान चाललं होतं. दिवाळी झाली आणि आपले छर्रे अचानक फिरले. सकाळी पहिले काही खाली जायचे, मग दोन वर, मग कुठंही. डबीतले सरळ. तू माझ्या मनगटाला दोष दिलास. मी तुझ्या साच्याला. तू माझा हात धरून मला व्यायाम सांगितलास, मी तळोज्याच्या लेथवाल्याला मूर्ख म्हटलं. डिसेंबर असाच गेला. मग एका सकाळी काकी न्हाऊन खाली आली, हातात तेलाची बाटली. थंडीनं आतलं तेल पांढरं घट्ट झालेलं. ती बाटली बाहेर कट्ट्यावर उन्हात ठेवता ठेवता तिनं आपलं भांडण ऐकलं आणि विचारलं, "डोक्याला लावायचं तेल मी रोज उन्हात ठेवते. तुमच्या छर्ऱ्यांना कोण ठेवतंय?"

तू वाटीतला एक छर्रा उचलून नखानं खरवडलास. नखाखाली मेणासारखं खोबरेल आलं. नळीत तेच थरावर थर बसत होतं. तू इतका हसलास की तुला खुर्चीवर बसावं लागलं. मी पण हसले. महिनाभर एकमेकांना मूर्ख ठरवून झाल्यावर निघालं काय, तर केसाचं तेल. काकीनं मात्र हसणं बाजूला ठेवून विचारलं की हिच्या मनगटाची माफी कोण मागणार. तू माझ्या मनगटाला हात जोडलेस.

त्याच्या पुढच्या वर्षी तुझा हात कापायला लागला.

मला आधी दिसलं, तुला आधी कळलं असेल. तू बशीतला कप उचलायचास तेव्हा बशी वाजायची, मग तू बशीच घेईनासा झालास. क्लबात जाणं तू कधी सोडलंस ते तू सांगितलं नाहीस. फक्त एके दिवशी तुझं चांगलं पिस्तूल घेऊन आलास आणि म्हणालास, पडून राहायला नको, तुझ्या मापाचं करून घेऊ. लाकडी मूठ माझ्या पंजात बसेल अशी कानस मारून कमी केलीस. कानस मारतानाही हात थरथरत होता, त्या थरथरीत तुला लागेल एवढंच लाकूड कसं निघत होतं कोण जाणे. मी ते पिस्तूल घेतलं. थँक यू म्हटलं असेन. दुसरं काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, हेही मला नक्की सांगता येत नाही, कारण मी काही म्हटलं असतं तर तू बहुतेक उठून गच्चीवर गेला असतास.

पण भरणं तू सोडलं नाहीस. छर्रा दोन बोटांत धरून नळीच्या तोंडाशी बसवायचा म्हणजे तुझ्यासाठी मोठं काम झालं होतं. मी टार्गेटकडे बघत उभी असायचे. मागं छर्रा फरशीवर पडल्याचा बारीक आवाज यायचा. मग खुर्ची सरकायची. मग तुझी एक शिवी, हळू, वर काकीला ऐकू जाणार नाही अशी. मग दुसरा छर्रा. मी वळायचे नाही. वळले तर कुठली वाटी ते दिसेल, म्हणून वळायचं नाही, असं मी स्वतःला सांगायचे. तुलाही ते कारण सोयीचं होतं. एक कार्ड संपायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागायचा. समोरच्या काळ्या गोलाकडे बघत उभं राहण्यात माझ्या आयुष्यातला इतका वेळ गेला, काका, आणि त्यातला बराचसा मी फक्त तुझा आवाज ऐकत होते.

हा शेवटचा घाणा तू काकीला घेऊन काढलास. लेथवाल्यानं साचा नव्यानं घासून दिला होता. मी ऑफिसात होते. तू ओतायचास, उजव्या हाताला डाव्याचा आधार देऊन, आणि काकी स्वयंपाकघरातले जाड हातमोजे घालून साचा धरून बसली होती. मी आले तेव्हा गच्चीवर जुन्या साडीवर छर्रे पसरलेले होते. उतरत्या उन्हात चमकत होते. एकालाही सुरकुती दिसत नव्हती. तेल लावायचा प्रश्नच नव्हता, तू त्यांना तांदळाच्या पुरचुंडीसकट स्टीलच्या डब्यात ठेवलंस. मी एक उचलून बघितला. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, आणि मी तोंडावर काही दिसू दिलं नाही, कारण नियम तुझाच होता. डब्याचं झाकण लावता लावता तू म्हणालास, रविवारी बघू.

रविवारच्या आधीच तुला हॉस्पिटलात न्यावं लागलं. कामोठ्यात, आमच्या घरापासून जवळच, त्यामुळं मी ऑफिसातून सरळ तिकडेच यायचे. तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या बाकावर काकी बसलेली असायची. नाखवा करंज्याहून आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी आत जायला निघाले तेव्हा त्यानं मला जिन्याशी थांबवलं. डॉक्टर काय बोलले ते त्याला माझ्याआधी कळलं होतं. तो म्हणाला, "बाय, आत जा नी बोल तेला, मस्त बसले म्हून. तुजं काय जातंय? सुखान झोपल तो."

मी हो म्हणाले. खरंच हो म्हणाले. आत येईपर्यंत माझं ठरलेलं होतं.

तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघून तू तो हातानं बाजूला केलास, नर्स रागावली तरी. आणि विचारलंस, "मारलेस?"

मी म्हणाले, "नाही अजून. रविवारी. तू आल्यावर."

तू मान हलवलीस. श्वास घेतलास. "काकीला भरायला सांग," तू म्हणालास. "तिला दाखव. घेर मागं."

मग नर्सनं मास्क परत लावला आणि मला बाहेर जायला सांगितलं. आपलं बोलणं तेवढंच. मी तुझा हात धरला नाही, तुझ्या पायाला हात लावला नाही, काहीच केलं नाही. छर्ऱ्याचा घेर मागं असतो हे तू मला सांगितलंस, जे मी नववीपासून जाणते, आणि मी मान डोलावली.

बाहेर नाखव्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. तुला ओव्याला आणलं त्या दिवशी तो माझ्याशेजारी उभा होता. "बोल्ली असतीस तर," एवढंच म्हणाला. त्याचा राग नव्हता. त्याला तुझ्यासाठी एक गोष्ट हवी होती आणि ती माझ्याकडे होती. ती फुकटची होती, असं त्याला वाटत होतं.

त्यानंतर रोज मी याच एका गोष्टीचा विचार केला. तू विचारलंस तेव्हा मी मारलेच नव्हते. पण समजा मारले असते आणि ते वाईट बसले असते, तर मी काय सांगितलं असतं? मला माहीत नाही. खाली खुर्च्यांवर माणसं येत होती, तुझ्याबद्दल चांगलं बोलत होती, त्यातलं निम्मं खरं होतं. तू फार शांत होतास असं एक जण म्हणाला. तू शांत नव्हतास. हरलास की दोन दिवस घुमा असायचास. काकीला विचारल्याशिवाय तिच्या चांगल्या पळ्या शिसं वितळवायला न्यायचास. माझ्या आईला तू तोंडावर सांगितलं होतंस की पोरीला लग्नाला उभी करण्याआधी नीट उभं राहायला शिकू दे, आणि आई सहा महिने तुझ्याशी बोलली नव्हती. मी हे कुणाला सांगितलं नाही. चहाचे कप गोळा करत राहिले.

तेराव्यानंतर खुर्च्या परत गेल्या. पिवळी रेघ पुन्हा दिसायला लागली, तिच्यावर बुटांचे डाग पडले होते. मी फडकं घेऊन ती पुसत होते तेव्हा काकी खाली आली. तिच्या हातात तुझा स्टीलचा डबा होता आणि दोन वाट्या.

"चल," ती म्हणाली. "दाखव मला."

तू सांगितलेलं मी तिला दाखवलं. हे चपटं डोकं, ते पुढं. हा घेर, तो मागं. तिनं चष्मा लावला आणि एकेक करत दोन-तीन वेळा बसवून काढून बघितले. भरल्यावर नळी कुठं असायला हवी ते मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. वाईसचा विचार माझ्या मनात आला होता, कारण माझा हात त्या दिवसांत भरवशाचा नव्हता. पण वाईसला भरणारं दुसरं माणूस लागत नाही, आणि तू काकीला भरायला सांगितलं होतंस. म्हणजे तुला हातानं मारलेले हवे होते. त्या भांडणात तू जिंकलास असं समज.

तिनं तुझी खुर्ची फिरवून घेतली, वाट्या मांडीवर घेतल्या, पदरानं झाकल्या. मी टार्गेटकडे तोंड केलं. पहिलाच छर्रा तिनं उलटा भरला. पिस्तुलातून खोकल्यासारखा आवाज आला आणि छर्रा कार्डाच्या खाली कुठंतरी गेला. काय झालं गो, तिनं घाबरून विचारलं. मला हसू आलं, आणि ते थांबवता थांबवता मला दुसरंच काहीतरी आलं, आणि मी तशीच पुढं बघत उभी राहिले. तो एक मोजायचा नाही असं ठरलं.

पुढचे सगळे तिनं नीट भरले. हळू भरत होती, पण एकही छर्रा फरशीवर पडला नाही. तो आवाज मी ऐकायची थांबले नव्हते, काका. दर वेळी त्याच्यासाठी कान लावत होते.

पहिलं कार्ड झालं, दुसरं झालं. मी जाऊन दोन्ही काढून आणली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मला बघायला फार वेळ लागला नाही. पहिलं चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. पण दोन-तीन भोकं बाजूला गेली होती. दुसऱ्यावर सगळी एकमेकांत शिरली होती.

"दुसरं," मी म्हणाले.

मांडीवरचा पदर काकीनं काढला नव्हता. कुठल्या वाटीत काय होतं ते फक्त तिला ठाऊक होतं. मी तेव्हा तिच्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की ती काहीही सांगू शकते. नाखव्याला जे हवं होतं ते ती आता एका शब्दात देऊ शकत होती, त्याला, मला, स्वतःला. मी कधीही तपासून बघितलं नसतं. तिनं तसं सांगावं अशी माझी इच्छा होती, काका. तुला राग येईल, पण होती.

तिनं दोन्ही कार्डं उचलली. पहिल्यावरनं बोट फिरवलं, बाहेर गेलेल्या भोकांवरून. मग म्हणाली, "दुसरं डबीतलं. हे तेंचं."

मी मान हलवली. सवयीनं थांबून राहिले. आता कुणीतरी मला विचारायला हवं होतं की सकाळी चहा घेतलास का, झोप झाली का. कोपऱ्यावर रिक्षा उभी होती, हॉर्नही वाजला होता मध्ये एकदा. मी उत्तरं तयार ठेवली होती. तुझ्या खुर्चीवर काकी बसली होती आणि खाली एवढी शांतता होती की वरच्या मजल्यावरचा नळ ऐकू येत होता.

मग काकी माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"साचा थंड होता गो. मीच धरला होता ना, मला हाताला कळत होतं. मी बोल्ले तेंना, अजून तापू द्या, पहिले टाकून द्या. ऐकले नाय. एवढी वर्षं स्वतः शेगडीजवळ बसून राहायचे, तापू दे, तापू दे. आणि त्या दिवशी मला बोल्ले, थांबायला टाइम नाय." तिनं कार्ड मांडीवर ठेवलं आणि तळव्यानं सपाट केलं. "मी बोल्ले, कुठं जायचंय तुमाला?"

तिनं वाट्या उचलल्या, मी पिस्तूल मोकळं करून पेटीत ठेवलं. पुढच्या महिन्यातल्या निवड स्पर्धेत मी डबीतलेच मारणार आहे, तू दुसरं काही चालू दिलं नसतंस. नाखव्याला काकीनं फोनवर जसं झालं तसं सांगितलं.

तू विचारलं होतंस, म्हणून लिहिते. मारले. काकीनं भरले. डबीतले बरे निघाले, तुझे थोडे बाहेर गेले. आणि एवढ्या वर्षांत तुझी, म्हणजे तुझ्या खुर्चीवरून काकीनं घेतलेली, एक हरकत मी मान्य करते आहे, काका. साचा थंड होता.